सीपी असलेली मुलगी, ४८२ व्हिसा आणि ‘कुणाला सांगू नका’ हा सल्ला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून मेलबर्नच्या टार्नीटमध्ये राहायला येऊन आठ महिने झाले. यजमान ४८२ व्हिसावर, म्हणजे कंपनीनं स्पॉन्सर केलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, नोकरी करतात. मुलगी सात वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी, मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) आहे, ती व्हीलचेअर वापरते आणि मोजकंच बोलते. ओळखीची मंडळी सांगतात, ‘कुठे नोंद करू नका, पीआर अडेल’ (पीआर म्हणजे कायमस्वरूपी निवासाचा व्हिसा). त्यामुळे डॉक्टर आणि थेरपी दोन्ही लांबणीवर पडलं आहे. शाळेत ती वर्गाबाहेरच जास्त असते, घरी येणारी बोलावणी कमी झाली आहेत आणि आई दिवसभर एकटी पडते. सुरुवात कुठून करावी?

सुरुवात त्या सल्ल्यापासूनच करू, कारण बाकीची बरीचशी कोंडी त्यातून तयार झालेली आहे. हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण ऑस्ट्रेलियाचा आरोग्य-निकष प्रत्यक्षात कसा चालतो हे त्यांना माहीत नसतं.

पीआरच्या अर्जावर मत देतो तो सरकारी वैद्यकीय अधिकारी, म्हणजे मेडिकल ऑफिसर ऑफ द कॉमनवेल्थ. ‘या मुलीनं आजवर किती सेवा घेतल्या’ हा प्रश्न त्याच्यासमोर नसतोच. त्याला ठरवायचं असतं ते इतकंच: हाच आजार, याच तीव्रतेचा असलेल्या एखाद्या काल्पनिक व्यक्तीला पुढच्या काळात सरकारी आरोग्य आणि सामाजिक सेवांचा किती खर्च लागू शकेल? तुम्ही त्या सेवा घेणार की नाही, तुमच्याकडे पैसे आहेत की नाही, आजी घरी सांभाळणार की नाही, यातलं काहीच या हिशेबात येत नाही. म्हणजे मुलीला आठ महिने फिजिओथेरपीला नेलं नाही म्हणून आकडा एका डॉलरनंही खाली येत नाही. खाली येते ती मुलीची तब्येत, आणि तुमच्याकडे असायला हवे होते ते कागद कमी पडतात.

एक धोका इथेच सांगायला हवा. सीपी असलेल्या मुलांमध्ये साधारण तीनपैकी एकाचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो. जी मुलं चालत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण याहून बरंच जास्त असतं. सुरुवातीला दुखत नाही, बाहेरून दिसतही नाही. दिसतं ते फक्त एक्स-रेमध्ये. म्हणून चालण्याची क्षमता कमी असलेल्या मुलांचा कटीभागाचा एक्स-रे साधारण सहा ते बारा महिन्यांनी काढतात. वेळेत कळलं तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागू शकतं. उशीर झाला तर हाड कापून सांधा पुन्हा बसवावा लागतो, आणि मूल बसायलाही त्रासतं. पुण्यात शेवटचा एक्स-रे कधी काढला ते आज रात्रीच फाइलमध्ये बघा. वर्ष उलटलं असेल तर या आठवड्यात जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांची, वेळ घ्या. व्हिसाच्या भीतीपोटी हे टाळणं मला मान्य होण्यासारखं नाही.

आणि ‘नोंद’ म्हणजे नेमकं काय? शाळेतली किंवा थेरपिस्टकडची फाइल आपोआप गृहखात्याकडे जात नाही. व्हिसाचा अर्ज करताना मात्र आजार आणि अपंगत्व यांची खरी माहिती द्यावीच लागते, आणि अर्जातल्या संमतीनुसार विभाग पुढची कागदपत्रं मागू शकतो. तिथे लपवलं तर दिशाभूल करणाऱ्या माहितीच्या कलमाखाली अर्ज फेटाळला जातो आणि तीन वर्षांची बंदी लागू शकते. तेव्हा अर्जात पूर्ण खरं सांगायचं आणि उपचार अजिबात थांबवायचे नाहीत.

आता आकडे. १ जुलै २०२४ पासून खर्चाची मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. त्याआधी ती ५१,००० होती. तात्पुरत्या व्हिसासाठी खर्च मोजतात तो तुम्ही जितका काळ राहणार तितक्याच काळाचा. म्हणूनच ४८२ मिळून जातो आणि पीआरला अडतं. पीआरसाठी साधारण पाच वर्षांचा हिशेब धरतात, पण स्थिती कायमची असेल आणि पुढचा अंदाज बांधता येत असेल तर जास्तीत जास्त दहा वर्षांचा. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीच्या दहा वर्षांच्या सेवांचा अंदाज ८६,००० च्या आत बसणं कठीण आहे, हे आत्ताच धरून चला. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न आहे तो सवलत मागता येईल अशा व्हिसाचा.

नियमावलीत दोन निकष आहेत, ४००५ आणि ४००७. ४००५ मध्ये मर्यादा ओलांडली की विषय संपला, सवलत नाही. ४००७ मध्ये ‘हा खर्च अवाजवी आहे का’ हे बघून अधिकारी सवलत देऊ शकतो. आपल्या आयटीतल्या मंडळींना ज्याची सवय असते तो गुणांवरचा १८९ आणि राज्याच्या नामांकनाचा १९० हे दोन्ही ४००५ मध्ये मोडतात. ४८२ आणि जोडीदाराचा व्हिसा ४००७ मध्ये येतात. नोकरीवर आधारलेल्या १८६ मध्ये स्ट्रीमवर, म्हणजे अर्जाच्या उपप्रकारावर, अवलंबून असतं: मंजूर स्पॉन्सरकडे दोन वर्षं काम केल्यावरच्या ट्रान्झिशन स्ट्रीमला ४००७ लागतो, थेट अर्जाच्या स्ट्रीमला ४००५. कुटुंबातली एक व्यक्ती निकषात बसली नाही की सगळ्यांचा अर्ज जातो, आणि तिला अर्जातून वगळून भारतात ठेवलं तरी सहसा सुटका होत नाही. त्यामुळे ‘गुण भरपूर आहेत, १८९ टाकून देऊ’ असं म्हणून घाईनं अर्ज करणं हीच तुमच्यासारख्या घरांची सगळ्यात महाग पडणारी चूक असते. मार्ग ठरवायच्या आधी आरोग्य-सवलतीची प्रकरणं हाताळलेल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाला किंवा वकिलाला एकदा पैसे देऊन भेटा. ‘४००७ ची सवलत मागणारे किती अर्ज तुम्ही स्वतः लिहिलेत?’ असं थेट विचारा. अडखळले तर दुसरा शोधा.

फाइल आजपासून जमवा. सर्वात महत्त्वाचा कागद म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांचा ताजा अहवाल. भारतातलं यूडीआयडी कार्ड आणि ‘७५ टक्के’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र इथे कुणाच्या उपयोगाचं नाही, कारण इथे टक्के मोजतच नाहीत. मूल काय करू शकतं आणि कशाला मदत लागते ते मोजतात. सीपीसाठी जीएमएफसीएस ही हालचालीची पाच पातळ्यांची श्रेणी अहवालात हवीच. हातांच्या वापरासाठी एमएसीएस आणि संवादासाठी सीएफसीएस असेल तर उत्तम. पातळी लिहिलेली नसली की तीव्रता ठरवणारा माणूस जुन्या डिस्चार्ज कार्डावरच्या ‘सिव्हिअर’ या एका शब्दावरून अंदाज बांधतो, आणि काल्पनिक व्यक्ती तुमच्या मुलीपेक्षा जास्त आजारी ठरते. तिसरी आणि चौथी पातळी यांत खर्चाचा फरक मोठा असतो. फेडरल कोर्टानं २००५ मध्येच सांगितलं आहे की तुलना त्याच स्वरूपाच्या आणि त्याच तीव्रतेच्या स्थितीशी करायची, आजाराच्या नुसत्या नावाशी नाही. मत चुकीच्या मोजपट्टीवर दिलं गेलं तर त्यावर बोट ठेवता येतं, पण त्यासाठी हातात अचूक अहवाल असावा लागतो.

सवलतीच्या अर्जाला जोडायचे बाकीचे कागद असे: करभरणा आणि पगाराच्या पावत्या, यजमानांच्या जागी दुसरा माणूस मिळणं किती अवघड आहे हे नेमकं सांगणारं कंपनीचं पत्र (नुसती स्तुती नको), शाळेचं पत्र, थेरपिस्टचे प्रगतीचे अहवाल, इथल्या लोकांशी तुमचे संबंध दाखवणारी पत्रं. ‘आम्ही सरकारी सेवा घेणार नाही’ अशी हमी बरेच जण लिहून देतात. तिला फारसं वजन नसतं, कारण पीआर मिळाल्यावर ती पाळायला लावण्याचा मार्ग सरकारकडे नाही. त्यापेक्षा कुटुंबाचं एकूण योगदान आकड्यांत मांडा. नकार आलाच तर पत्रावरच्या मुदतीत रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जाता येतं, आणि तिथेही जमलं नाही तर स्थलांतर कायद्याच्या कलम ३५१ खाली मंत्र्यांकडे. २००८ मध्ये व्हिक्टोरियातल्या हॉर्शमला काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरच्या मुलाला डाउन सिंड्रोम असल्यामुळे पीआर नाकारली गेली होती. ती शेवटी मंत्र्यांच्या हस्तक्षेपानंच मिळाली. त्या प्रकरणानंतर संसदेच्या समितीनं हा नियम तपासला. मर्यादा वाढत गेली, पाया बदलला नाही.

पाया म्हणजे काय, तेही माहीत असू द्या. अपंगत्वावरून भेदभाव करू नये असा १९९२ चा कायदा या देशात आहे, आणि त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमानं स्थलांतराचा कायदा त्यातून बाहेर ठेवला आहे. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा अपंगहक्क करार स्वीकारतानाही ऑस्ट्रेलियानं हीच सूट स्वतःकडे राखून ठेवली. मुलीला सीपी आहे म्हणून तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. ही सूट जाणूनबुजून लिहिलेली आहे, आणि ती काढावी म्हणून इथल्या अपंग संघटना उघडपणे भांडत आहेत.

याच कायद्याची दुसरी बाजू फार थोड्या पालकांना माहीत असते. सूट फक्त व्हिसाच्या निर्णयापुरती आहे. शाळा, बस, दुकान, तरणतलाव, भाड्याचं घर इथे तो कायदा तुमच्या मुलीला पूर्ण लागू होतो, व्हिसा तात्पुरता असला तरी. शाळेसाठी २००५ ची वेगळी शिक्षण-मानकं आहेत. त्यांनुसार शाळेनं तुमच्याशी सल्लामसलत करून वाजवी सोयी करायच्या असतात.

‘ती वर्गाबाहेरच जास्त असते’ हे वाक्य मुख्याध्यापकांपर्यंत असंच नेऊ नका. एक आठवडा वहीत टिपा: किती वाजता बाहेर नेलं, कोणी, कशासाठी, परत कधी आली, वर्गात तेव्हा काय चालू होतं. मदतनीस बाईंना विचारलं तरी यातलं बरंच कळतं. मग स्टुडंट सपोर्ट ग्रुपची, म्हणजे पालक आणि शाळा मिळून मुलाच्या गरजा ठरवणाऱ्या गटाची, बैठक मागा. व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत ती दर सत्रात व्हायला हवी, आणि दुभाषा हवा असेल तर शाळा विनाशुल्क बोलावते. इथे शाळेला मिळणारी मदत मुलाच्या कार्यक्षमतेच्या प्रोफाइलवरून ठरते, निदानाच्या नावावरून नाही. त्या प्रोफाइलच्या बैठकीत आईवडिलांनी बसायचंच. घरी ती चमचा धरते पण शाळेत कुणी भरवतं, असली विसंगती तुम्हीच सांगू शकता.

जेवणाची सुट्टी बारकाईनं बघा. खूप ठिकाणी खायला वेळ लागतो म्हणून अशा मुलाला वेगळ्या खोलीत भरवतात आणि वर्ग मैदानात गेल्यावर बाहेर आणतात. दिवसातली मैत्री होण्याची एकमेव वेळ अशी निघून जाते. मागणी नेमकी करा: तिनं दहा मिनिटं आधी खायला सुरुवात करावी, तिच्या टेबलावर आळीपाळीनं दोन-तीन वर्गमैत्रिणी असाव्यात, आणि मैदानात जाताना रॅम्प असलेल्या दारानं सगळा वर्ग बाहेर पडावा. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. सहल किंवा पोहण्याच्या तासाला ‘तिला झेपणार नाही’ किंवा ‘आईनं सोबत यावं’ असं उत्तर आलं तर ईमेलवर एकच विचारा: कोणती सोय करून पाहिली आणि ती का शक्य नाही? लेखी उत्तर द्यायचं म्हटलं की बहुतेक वेळा सोय निघते. नाहीच निघाली तर मानवाधिकार आयोगाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, पण ती वेळ क्वचित यावी.

बोलण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. ‘दोन भाषांनी गोंधळ होतो, घरी फक्त इंग्रजी बोला’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे अशा मुलांची वाढ खुंटते याला आधार नाही. मराठी बंद केली की तिचं आजीशी, मावशीशी, घरात चाललेल्या गप्पांशी असलेलं नातं तुटतं, म्हणजे घरातच ती एकटी पडते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांवरून बोलायचं अ‍ॅप मराठीतही चालतं. शाळेच्या स्पीच थेरपिस्टना ते दाखवा आणि शाळेच्या इंग्रजी फलकावरची चित्रं नि जागा त्याच्याशी शक्य तितक्या जुळवून घ्या. फलकावर ‘मला नको’, ‘अजून’, ‘दुखतंय’, ‘चल खेळू’ हे आधी यायला हवं. मोठी माणसं सहसा फक्त पाणी, भूक आणि शू एवढंच ठेवतात, आणि मग मूल मागण्यापलीकडे काही बोलत नाही असं लोकांना वाटतं.

पैशाचं वास्तवही कडवट आहे. एनडीआयएस, म्हणजे अपंगांसाठीची सरकारी मदत योजना, फक्त नागरिक, पीआरधारक आणि ठरावीक न्यूझीलंडकरांना मिळते. ४८२ वर ती नाही, आणि भारताशी वैद्यकीय सेवांचा परस्पर करार नसल्यामुळे मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजनाही नाही. खाजगी ऑक्युपेशनल थेरपिस्टचा तास साधारण १९० ते १९५ डॉलर. दर आठवड्याला हे परवडणं अवघड, म्हणून थेरपिस्टला वर्षभर लावण्यापेक्षा महिन्यातून एक तास घ्या आणि त्यात घरी नि शाळेत करायचा कार्यक्रम लिहून मागा. विमा घेताना आधीपासूनच्या आजारासाठी बारा महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. भारतात जाणं झालं तर औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणता येतात. व्हीलचेअर भारतातली असेल तर टायर-ट्यूब, ब्रेकची केबल आणि पुढच्या छोट्या चाकांची बेअरिंग जादा आणा. इथे त्या मापाची मिळेलच असं नाही, आणि खुर्ची बंद पडली की मुलगी घरात अडकते.

पीआर ज्या दिवशी मिळेल त्या दिवसापासून एनडीआयएसला अर्ज करता येतो, त्याला प्रतीक्षाकाळ नाही. अर्जात सहा बाबी बघतात: संवाद, इतरांशी वागणं, शिकणं, हालचाल, स्वतःची निगा, स्वतःचं व्यवस्थापन. वर सांगितलेली फाइल इथे दुसऱ्यांदा कामाला येते. इतकी वर्षं लपवून ठेवलेल्यांकडे नेमक्या याच वेळी दाखवायला काही नसतं. पेन्शनचं गणित वेगळं आहे. अपंगत्व पेन्शनला साधारण दहा वर्षांचा पात्र निवास लागतो, काही अपवाद आहेत, आणि काळजीवाहू व्यक्तीच्या दर पंधरवड्याच्या मदतीला २०८ आठवडे थांबावं लागतं. पीआर मिळाल्यावर तुमच्या मुलीला काय लागू होतं ते सेंटरलिंककडून, म्हणजे सरकारी भत्त्यांच्या कार्यालयाकडून, लेखी घ्या. मराठीतून बोलायचं असेल तर १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेवर आधी फोन करून त्यांना मराठी दुभाष्याविषयी विचारा.

आता बोलावणी कमी होण्याबद्दल. टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबीच्या नव्या वसाहतींतल्या घरांना दाराशी बहुधा एक पायरी असते. बोलावणाऱ्याला ती पायरी आठवते, ‘कसं जमेल यांना’ असं वाटतं, आणि विचारण्याचा संकोच वाटून बोलावणंच राहतं. गाडीत घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प ठेवा. एका पायरीसाठी उतार दहास एकपेक्षा तीव्र नको, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला दीड मीटर लांबीचा रॅम्प लागतो. विकत घेताना खुर्ची, मुलगी आणि ढकलणारं माणूस या सगळ्यांचं वजन मिळून क्षमता बघा. आणि निरोपाची वाट न बघता तुम्हीच सांगा, ‘रॅम्प आमच्याकडे आहे, येतो आम्ही’. अपंगांसाठीचा पार्किंग परवानाही मागून घ्या. ट्रॅमवर फार भिस्त ठेवू नका: राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की पायरीविरहित ट्रॅम आणि समतल थांबा दोन्ही एकत्र मिळतील अशा फेऱ्या २०१८-१९ मध्ये फक्त १५ टक्के होत्या. मुलगी मोठी होत चालली आहे, कपडे बदलायला मोठा बाक आणि हॉइस्ट (उचलण्याचं यंत्र) लागेल. अशा स्वच्छतागृहांना इथे चेंजिंग प्लेसेस म्हणतात, आणि त्यांतली बरीचशी एमएलएके या एकाच किल्लीनं उघडतात. डॉक्टरांच्या पत्रावर ती किल्ली मागवता येते.

हे वाचणारं कुणी मंडळाच्या समितीवर असेल तर थोडं त्यांच्यासाठी. गणपतीचा हॉल ठरवताना फक्त भाडं आणि पार्किंग बघू नका. व्यासपीठावर चाकांची खुर्ची चढते का, अपंगांच्या स्वच्छतागृहात खुर्च्यांची थप्पी तर रचून ठेवलेली नाही ना, हे जाऊन बघा. नावनोंदणीच्या फॉर्मवर ‘आपल्यासाठी काही सोय करायची आहे का?’ अशी एक ओळ घाला. ढोल सुरू होण्याआधीचा अर्धा तास शांत दर्शनासाठी ठेवा आणि ती वेळ आमंत्रणावर छापा. मुलांच्या कार्यक्रमात अशा मुलीला कोपऱ्यात बसवून कौतुकाच्या टाळ्या देऊ नका, तिला काम द्या. एका बटणावर रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजवणारं साधं स्विच मिळतं, त्यावर नाटुकल्यातला तिचा संवाद भरता येतो. आईला भेटल्यावर ‘काय झालंय हिला?’ आणि ‘आपल्याकडे अमुक ठिकाणी बरं करतात’ ही दोन वाक्यं टाळा. मुलीकडे बघून तिचं नाव विचारा आणि उत्तरासाठी दहा सेकंद थांबा, तिला तेवढा वेळ लागतो.

आईसाठी: अपंग मुलांच्या पालकांचे मायटाइम नावाचे गट आहेत, तुमच्या भागातला शोधा. ४८२ वरच्या जोडीदाराला पूर्ण वेळ काम करण्याचा हक्क आहे, शाळेच्या वेळेतलं अर्धवेळ काम शोधायला हरकत नाही. स्थलांतरित अपंगांसाठी लढणाऱ्या संघटनाही आहेत. देशपातळीवर नॅशनल एथ्निक डिसॅबिलिटी अलायन्स काम करते, आणि डाउन सिंड्रोम ऑस्ट्रेलियानं आरोग्य-निकषाविरुद्ध चालवलेल्या वेलकमिंग डिसॅबिलिटी या मोहिमेकडे अशा कुटुंबांची माहिती जमा होते.

या आठवड्यात तीनच कामं करा: खुब्याच्या एक्स-रेसाठी जीपीची वेळ, शाळेला सपोर्ट ग्रुपच्या बैठकीचा ईमेल, आणि एजंटाला भेटण्याआधी यजमानांच्या व्हिसाची मुदत नि नोकरी सुरू झाल्याची तारीख एका कागदावर. १८६ च्या ट्रान्झिशन स्ट्रीमची दोन वर्षं त्याच तारखेवरून मोजायला घ्यायची आहेत. त्याआधी नोकरी बदलायचा विचार असेल तर नवी कंपनी मंजूर स्पॉन्सर आहे का, हे राजीनामा देण्यापूर्वी लेखी विचारा.